नेम चुकला की शून्य सरकलं?

मराठी माणसाला 'शिस्त' म्हटलं की शाळेतली प्रार्थनेची रांग आठवते. कानडीतही 'शिस्तु' म्हणजे तेच. पण आपल्या गल्लीतल्या एखाद्या निवृत्त जवानाला विचारून बघा. फौजी हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. फायरिंगच्या मैदानावर उस्ताद 'शिस्त लो' म्हणाले की रिक्रूट ताठ उभा राहत नाही, डोळा साइटला लावतो. आपल्या 'नेम' या शब्दाची गंमतही अशीच आहे. लक्ष्यावर धरलेली नजर म्हणजे नेम आणि रोज न चुकता पाळायचा नियम म्हणजेही नेमच. कानडी माणूस लक्ष्याला 'गुरी' म्हणतो आणि गोळी बाजूला गेली की 'गुरी तप्पितु' म्हणून मोकळा होतो.

पण गुरी तप्पितु म्हणजे चुकलं कोण? बंदूक धरणारा की बंदूक? आजचं सगळं लिखाण या एका प्रश्नाभोवती आहे.

कुटुंबाच्या पानावर बंदुकीचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. पण आपलं बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव. इथल्या घराघरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं असतं. कॉलेजात मी शिकवतो मराठी, पण एन.सी.सी.चा कार्यभार माझ्याकडे असल्यामुळे वर्षातून काही दिवस फायरिंग रेंजवर काढावे लागतात. त्यात २०२४ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक आणलं. तेव्हापासून एक प्रश्न पालकांकडून नेहमी येतो, "सर, पोराला नवीन साइट घेऊन देऊ काय हो? जुन्यानं नेम लागेना म्हणतोय."

प्रश्न खर्चाचा आहेच, पण त्याहून मोठा आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

रायफलच्या नळीवर नेम धरण्यासाठी जे साधन बसवतात ते म्हणजे साइट. साध्या रायफलला पुढे एक टोक आणि मागे एक खाच किंवा बारीक भोक असतं. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तिथं मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे एक कडं असतं. कड्यात काळं वर्तुळ बरोबर मधोमध दिसलं की नेम लागला. फौजेत, आणि जिथं शिकारीला परवानगी आहे अशा देशांतल्या शिकाऱ्यांकडे, नळीवर दुर्बीण बसवलेली असते. आत बारीक रेघांची फुली दिसते. अलीकडे काचेवर लाल ठिपका दिसणाऱ्या साइटही आल्या आहेत. प्रकार कुठलाही असो, नियम एकच. साइट जिथं दाखवते तिथंच गोळी पडली पाहिजे. ती तशी पडेल अशी साइट लावून घेणं म्हणजे 'झिरो' करणं. मराठीत आपण शून्य म्हणू, कानडीत सोन्ने.

बाजारात भाजी घेताना आपण काट्याकडे बघून म्हणतो, "आधी झिरो दाखवा." पूर्वीच्या तराजूत एक पारडं जड असलं की दुसऱ्या बाजूला दोरा, खडा, बिब्बा काहीतरी बांधून दांडी सारखी करत. त्याला पासंग म्हणत. आता समजा वाण्यानं एक पारडं बदलून नवं लावलं. नवं पारडं जुन्यापेक्षा चांगलं, चकचकीत, महागाचं असेल. पण जुना पासंग आता कामाचा नाही. तो नव्यानं करावा लागणार. रायफलचं तस्संच आहे. शून्य एकट्या साइटचं नसतं, एकट्या नळीचंही नसतं. ते दोघांचं मिळून असतं. त्यातला एक बदलला की पहिलं शून्य संपलं.

इथं अनेकांना शंका येते. नळी सरळ, साइट सरळ, मग लावायचं काय असतं? तर गोळी सरळ जातच नाही. नळीतून सुटल्याक्षणी ती खाली पडायला लागते, आपल्या हातून सुटलेल्या चेंडूसारखीच. लहान .२२ रायफलची गोळी सेकंदाला साधारण ३२० मीटर वेगानं निघते. ५० मीटरवरच्या कागदापर्यंत पोचायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली उतरते. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा अगदी किंचित वर तोंड करून ठेवावी लागते. नजर सरळ जाते, गोळी कमानीतून जाते आणि ठरलेल्या अंतरावर दोघांची गाठ पडते. हे अंतर म्हणजे त्या रायफलचं शून्याचं अंतर. शिवाय साइट नळीच्या वर काही सेंटिमीटर बसलेली असते. त्यामुळे फार जवळच्या लक्ष्यावर गोळी नेमाच्या खालीच लागते. नवी साइट जुनीपेक्षा उंच असली की हे सगळं गणित पुन्हा मांडायचं.

आता हे गणित किती नाजूक असतं ते बघा. दुर्बीण ज्यावर बसते तो पाया दहा सेंटिमीटर लांब आहे असं धरू. त्याच्या एका टोकाखाली वहीचा एक साधा कागद सरकवला. कागदाची जाडी किती? मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पण तेवढ्यानं १०० मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. कागद कशाला, रंगाचा पोपडा, वाळलेलं तेल, धूळ, एवढंही पुरतं.

छिद्राच्या साइटचा हिशेब जरा वेगळा, पण कठोर तोच. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरू. मागची साइट तेवढीच, मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकली, तर १० मीटरवरच्या एअर रायफलच्या कागदावर छर्रा सव्वा मिलिमीटर बाजूला जातो. तुम्ही म्हणाल, सव्वा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? त्या कागदावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सव्वा मिलिमीटर म्हणजे दशांशाच्या मोजणीत अर्धा गुण. आणि या खेळात पदकं दशांशावर जातात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कागदावर भोकं पडली आहेत आणि ती मध्यावर नाहीत. चूक कुणाची? याचं उत्तर कागदच देतो, फक्त वाचता यायला हवं. एक गोळी मारून काहीच कळत नाही. निदान तीन, शक्यतो पाच, त्याच जागी नेम धरून मारायच्या आणि मग भोकांचा पुंजका बघायचा. एन.सी.सी.ची मुलं त्याला 'ग्रुप' म्हणतात. ग्रुप घट्ट आहे पण मध्यापासून लांब पडलाय, तर मारणारा चांगला आहे, शून्य सरकलंय. ग्रुप मध्याभोवती आहे पण चहूकडे विखुरलाय, तर शून्य ठीक आहे, हात, श्वास, चाप ओढणं किंवा गोळ्या यांकडे बघा. पुंजका किती घट्ट ते बहुतेक करून आपलं. पुंजका कुठं पडला ते साइटचं. ही एवढी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात आली तरी पुष्कळ रडारड वाचेल.

रडारड म्हणतो ते उगाच नव्हे. आमच्या कॉलेजातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील मराठी बोलणारे, आई कानडी, पोरगी दोन्हीत तरबेज आणि एअर रायफलमध्ये त्याहून तरबेज. जुन्या साइटवर तिचे दहा छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात. निवड चाचणीला चार दिवस उरले होते आणि मामांनी मोठ्या हौसेनं परदेशी बनावटीची मागची साइट आणून दिली. ज्या दुकानातून घेतली तिथंच बसवूनही दिली. "एकदम फिट आहे," असं वर सांगितलं.

चाचणीत सुरुवातीच्या सरावाच्या वेळात तिनं साइटचे क्लिक फिरवून छर्रा मध्यावर आणला. पण मोजणीचे छर्रे सुरू झाले आणि एक डावीकडे, पुढचा आणखी डावीकडे. तिनं दोन क्लिक उजवीकडे दिले. पुढचा उजवीकडे गेला. पुन्हा क्लिक डावीकडे. प्रत्येक छर्ऱ्याच्या मागे ती साइट पळवत राहिली आणि निवड हुकली. घरी गेल्यावर वडील म्हणाले, "हात थरथरतोय तिचा, जीव घाबरतोय." आई म्हणाली, "होगलि बिडु, अभ्यास बघ आता." दोघांनीही प्रेमानंच म्हटलं. पण आठवडाभरानं ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, मला बहुतेक जमत नाही. सोडते मी."

आमच्याकडे मुलांना मार्गदर्शन करायला एक निवृत्त सुभेदार येतात. त्यांनी तिला उपदेश केला नाही. "बाळ, त्या चार दिवसांतले सरावाचे कागद आण," एवढंच म्हणाले. तिनं आणले. सुभेदारांनी ते टेबलावर एकाखाली एक मांडले आणि मला म्हणाले, "सर, बघा हे. वर-खाली फरक नाही. सगळी भोकं आडव्या पट्टीत. हात थरथरला तर भोकं सगळीकडं उडतील. ही एकाच दिशेला का पळालीत?" मग त्यांनी साइट धरून हलकेच हलवली. काही जाणवलं नाही. अडकवायच्या स्क्रूला किल्ली लावली, तर तो अर्धा आटा फिरला. साइट उतरवली, तेव्हा खाचेत वाळलेल्या तेलाचा थर निघाला. त्यांनी नव्या साइटला हात न लावता आधी जुनी साइट बसवायला सांगितली. तिचं शून्य लावून दहा छर्रे मारून घेतले. पुन्हा नाण्याखाली! मुलगी कागदाकडे बघत कितीतरी वेळ गप्प बसली होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझा हात ठीक आहे?"

हा प्रश्न महत्त्वाचा. साइट सैल होती अर्ध्या आट्यानं, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचा स्वतःवरचा विश्वास किती सैल झाला होता! पुढं नवी साइटही नीट बसली, पण त्याला तीन आठवडे लागले. चार दिवसांचं ते काम नव्हतंच.

बंदूक आणि साइट यांची जोडी जमवण्याची ही काळजी फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलींतून अचूक रायफली निवडून त्यांवर दुर्बिणी बसवल्या. हे काम इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड या प्रसिद्ध बंदूकवाल्यांकडे होतं. प्रत्येक दुर्बीण एका ठराविक रायफलसाठी जुळवलेली असे. रायफलचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर कोरलेला आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलच्या लाकडी दस्त्यावर ठोकलेला. प्रवासात दुर्बीण उतरवून पत्र्याच्या डब्यात ठेवत, पण परत बसवायची ती त्याच रायफलवर. शेजारच्या रायफलची दुर्बीण दिसायला तशीच, पण ती चालायची नाही. पत्रिका जुळवून दिलेली जोडी म्हणा ना!

मग साइटची अदलाबदल सोपी करणारी एक पट्टी आली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पिकाटिनी नावाचं शस्त्रागार आहे. तिथं ठरवलेलं या पट्टीचं माप १९९५ साली अमेरिकी फौजेचं प्रमाण झालं. रायफलवर आडव्या खाचांची धातूची पट्टी असते. प्रत्येक खाच सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि एका खाचेपासून दुसरी खाच दहा मिलिमीटरवर. कुठल्याही कंपनीची साइट कुठल्याही पट्टीवर बसते. आपल्या फौजेनं २०१९ साली मागवलेल्या सिग ७१६ रायफलींवर आणि अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या ए.के. २०३ वरही अशी पट्टी आहे.

या पट्टीनं मोठी सोय केली, पण एक गैरसमजही पसरवला. 'बसली' म्हणजे 'लागली' असं लोक समजू लागले. खाचेमुळे साइट बसायची जागा ठरते, शून्य ठरत नाही. चांगल्या बनावटीची साइट उतरवून त्याच खाचेत, त्याच ताकदीनं आवळून परत बसवली तर जुन्या शून्याच्या अगदी जवळ येते, हे खरं. पण जवळ येणं आणि बरोबर येणं यांत फरक आहे. तो फरक किती, हे कागदावर गोळी मारल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, दुकानदारही नाही.

साइट बदलायची झालीच तर जाणकार माणसं ती कशी बदलतात? रेंजवर बघून आणि सुभेदारांकडून ऐकून जे समजलं ते क्रमानं सांगतो. पहिलं काम, रायफल रिकामी आहे याची खात्री. एकदा आपण, एकदा दुसऱ्यानं. मग जुनी साइट काढण्याआधीच तिच्यावर एक ग्रुप मारून कागद जपून ठेवायचा, ती कितव्या खाचेत होती आणि किती क्लिकवर होती ते वहीत लिहायचं. परतीची वाट माहीत असली म्हणजे माणूस हरवत नाही. जुनी साइट परत बसवून बघणं हीच पुढं दोष शोधण्याची सगळ्यात खात्रीची युक्ती ठरते, हे वरच्या गोष्टीत आलंच.

मग पट्टी आणि नव्या साइटचा पाया कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचा. साइट खाचेत ठेवून पुढं नळीच्या तोंडाकडे ढकलून धरायची आणि मग आवळायची. कारण धक्क्यानं रायफल मागे येते, साइट मात्र जागेवरच राहू बघते. ती आधीच पुढच्या भिंतीला टेकलेली असली की सरकायला जागा उरत नाही. स्क्रू एकदम एकच पिळायचा नाही. गाडीचं चाक बसवताना नट आळीपाळीनं आवळतात तसं थोडं हे, थोडं ते. किती ताकदीनं आवळायचं ते बनवणाऱ्यानं लिहून दिलेलं असतं, आणि तेवढंच आवळणारी मोजमापाची किल्ली मिळते. जोरात आवळलं म्हणजे पक्कं बसलं असं नाही. दुर्बिणीची नळी पातळ असते, ती चेपते.

दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी आहे का, हे बघायला गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. रायफल सपाट टेकवायची, समोर काही अंतरावर ओळंबा सोडायचा आणि रेघ दोरीशी जुळवायची. रेघ तिरकी असली तर जवळच्या लक्ष्यावर कळत नाही, पण अंतर वाढवून क्लिक दिले की गोळी वर जाताजाता बाजूलाही जाऊ लागते.

बोल्ट निघणारी रायफल असेल तर तो काढून नळीतून आरपार बघता येतं. नळीतून लक्ष्य मधोमध दिसेल अशी रायफल टेकवून ठेवायची आणि ती न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिकाणी आणायची. पुष्कळजण इथंच थांबतात. पण यानं फक्त पहिली गोळी कागदावर कुठंतरी लागण्याची सोय होते. खरं शून्य पुढंच. आधी २५ मीटरवर तीन गोळ्या, मग हव्या त्या अंतरावर पाच. पुंजक्याचा मध्य काढायचा आणि त्या मध्यापासून लक्ष्याच्या मध्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढे क्लिक द्यायचे.

क्लिकचा हिशेब अवघड नाही. काही दुर्बिणींवर एका क्लिकला १०० मीटरवर एक सेंटिमीटर फरक पडतो. काहींवर सुमारे सात मिलिमीटर. पहिल्या प्रकारात पुंजका १०० मीटरवर सहा सेंटिमीटर खाली असेल तर सहा क्लिक वर. पण तेवढेच सहा क्लिक ५० मीटरवर फक्त तीन सेंटिमीटर सरकवतील, हे मुलं विसरतात. अंतर निम्मं, तर सरकणंही निम्मं. क्लिक दिल्यावर पुन्हा ग्रुप मारून खात्री करायची. एका गोळीच्या मागे एक क्लिक पळवायचा नाही.

शून्य लागलं की स्क्रूच्या डोक्यावरून पायापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. सुभेदार त्यासाठी घरातलं नेलपॉलिश आणतात. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू हलला. पाच-दहा रुपयांचं काम, पण त्या मुलीची चाचणी यानंच वाचली असती. आणि सगळ्यात शेवटी वही. तारीख, अंतर, कुठल्या गोळ्या, ऊन की ढग, किती क्लिक. गोळ्यांचा नवा डबा वेगळ्या घाण्यातला असला तरी पुंजका सरकू शकतो. म्हणून मोठे खेळाडू एकाच घाण्यातल्या गोळ्या तपासून मग साठवून ठेवतात.

हे सगळं नवशिक्यांसाठी, असं कुणी समजू नये. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. वैयक्तिक खेळातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. पात्रता फेरीत ५९६ गुण, अंतिम फेरीत १०४.५, एकूण ७००.५. शेवटचा फटका १०.८. पण त्यानं आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की अंतिम फेरीआधी सरावाचा पहिला छर्रा मारला तेव्हा तो मध्यापासून फारच लांब गेला. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात साइट हललेली होती. कुणी हलवली, हे कधी सिद्ध झालं नाही. विचार करा, ऑलिंपिकची अंतिम फेरी, समोर जग बघतंय, आणि बंदूक ओळख दाखवत नाही. अशा वेळी दुसरा एखादा 'आज माझा दिवस नाही' म्हणून खचला असता. बिंद्राला आपला हात माहीत होता. हात तोच आहे, तर सरकलंय ते शून्य, हे त्यानं ओळखलं, उरलेल्या सरावाच्या वेळात क्लिक देऊन साइट जागेवर आणली आणि मग मोजणीला लागला. चीनचा झू चिनान ०.८ गुणांनी मागे राहिला.

कुसाळेच्या प्रकारात तर शून्य दर वेळी बदलावंच लागतं. थ्री पोझिशन्समध्ये आधी गुडघ्यावर, मग पोटावर झोपून, मग उभं राहून मारायचं. प्रत्येक अवस्थेत गाल दस्त्यावर वेगळा टेकतो, डोळा छिद्रामागं वेगळ्या जागी येतो. खेळाडू साइटची उंची बदलतात, ठराविक क्लिक देतात आणि सरावाच्या मोजक्या गोळ्यांत खात्री करून घेतात. यासाठी लागणारे आकडे वर्षानुवर्षांच्या वहीतून आलेले असतात. पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांचं ते कांस्यपदक या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक होतं.

फौजेत तर गोष्ट पदकाची नसते. तिथं एका जवानाची झिरो केलेली रायफल दुसऱ्यानं घेतली तरी पुन्हा तपासावी लागते, कारण डोळा वेगळा, गाल वेगळा. 'रायफल माझी' या म्हणण्यात नुसता जिव्हाळा नसतो, हिशेबही असतो. गाडीतून रायफल आदळली, हातातून पडली, साइट उतरवून चढवली, की संधी मिळताच कागदावर तपासायची. नाहीतर वेळ येते तेव्हा जवानाचा नेम बरोबर आणि गोळी भलतीकडे, असं होतं. ते कळायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

तर पालकहो, मूल म्हणालं 'साइट बदलू या', तर लगेच पैसेही काढू नका आणि 'तुझाच हात चांगला नाही' असंही म्हणू नका. कानडीतून नाही, मराठीतून नाही. आधी त्याचे शेवटचे पाच-सहा कागद मागा आणि प्रशिक्षकांसमोर मांडा. पुंजका घट्ट असेल तर साइटचे स्क्रू तपासा, शून्य लावा. बहुधा नव्या साइटची गरजच पडणार नाही. पुंजका विखुरला असेल तर कितीही महागाची साइट आणली तरी तो घट्ट होणार नाही. त्याला सराव आणि वेळ हवा. आणि बदलायचीच ठरली तर स्पर्धा संपल्यावर बदला, स्पर्धेच्या तोंडावर नाही. हातात निदान महिनाभर असू द्या. जुनी साइट विकून टाकू नका. नवीचं शून्य पक्कं होईपर्यंत तिला डब्यात नीट ठेवा. आणि मुलाला एक जाडशी वही आणून द्या. साइटच्या मानानं ती फार स्वस्त पडते.